स्पायनोसॉरस : मोजक्या हाडांवरून अख्खा डायनासोर कसा उभा करतात?

'ज्युरासिक पार्क ३' मध्ये टी-रेक्सला मारणारा, पाठीवर शीड असलेला डायनासोर आठवतोय? तोच हा स्पायनोसॉरस. गंमत म्हणजे २००१ साली हा सिनेमा आला, तेव्हा त्याचा मूळ सांगाडा जगात कुठेच शिल्लक नव्हता.

इजिप्तच्या बहारिया भागात १९१२ साली त्याची थोडी हाडं सापडली होती: खालचा जबडा, काही दात, आणि दीड मीटरहून उंच काटे असलेले मणके. जर्मनीच्या अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये त्याला नाव दिलं. पण एप्रिल १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांच्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकचं संग्रहालय उद्ध्वस्त झालं आणि ही हाडंही गेली. मागे राहिली श्ट्रोमरची चित्रं, वर्णनं आणि थोडे फोटो.

मग २०१४ मध्ये निझार इब्राहिम यांच्या टीमने मोरोक्कोत मिळालेल्या एका अर्धवट सांगाड्याचं सीटी स्कॅन केलं आणि श्ट्रोमरची चित्रं कॉम्प्युटरवर घेतली. तरी जे कमी पडलं ते सुकोमिमस, बॅरिओनिक्स अशा भाऊबंदांकडून उसनं घेतलं, लहान-मोठं करून बसवलं. खरी मेख इथेच आहे. हे तुकडे वेगवेगळ्या मापाच्या प्राण्यांचे. त्यांना एका मापात आणताना धड थोडं लांब धरलं किंवा पाय थोडे आखूड धरले, की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि प्राणी तोल जाऊन पुढे कलंडतो! २०१४ च्या मॉडेलमध्ये तो म्हणूनच जमिनीवर चार पायांवर चालत होता.

पुढे त्याच जागी शेपटीचे मणके मिळाले. वल्ह्यासारखी उंच, चपटी शेपटी. तिच्या आकाराची प्लास्टिकची शेपटी रोबोटला लावून पाण्यात हलवली, तर तिने इतर शिकारी डायनासोरांच्या शेपट्यांपेक्षा जास्त जोर दिला. २०२० चा निष्कर्ष: हा पोहणारा शिकारी होता. २०२२ मध्ये पॉल सेरेनो यांच्या गटाने स्वतःचं थ्रीडी मॉडेल बनवलं, त्यात फुप्फुसातली हवा आणि स्नायूही धरले. त्यांचा स्पायनोसॉरस दोन पायांवर चालतो, पाण्यात संथ आहे आणि त्याला बुडी मारता येत नाही.

मला स्वतःला काठाकाठाने उथळ पाण्यात मासे टिपणारा स्पायनोसॉरस जास्त पटतो. पण इंटरनेटवर त्याचं थ्रीडी चित्र दिसलं, तर सोबत सांगाड्याचं रेखाचित्रही शोधा. त्यात बहुतेक वेळा खरी हाडं वेगळ्या रंगात दाखवलेली असतात.