बाग ‘नुसती पडून’ असते का?

मुंबईतल्या गल्लीतल्या बागेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात मांडवीच्या उंदरांपासून करावी लागते. पोस्ट जरा मोठी आहे मंडळी, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी कामाची गोष्ट आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे. धोबी तलावाला त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो लोक त्याच्या शेजारून जातात. पुढच्या काही महिन्यांत माणसं मिळेल त्या गाडीने मुंबई सोडून गावाकडे पळाली. गोदी, गिरण्या, बाजार, सगळं थंडावलं. तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये कायदा करून ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला.

ट्रस्टचं काम काय? दाटीवाटीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, उत्तरेला नव्या वसाहती आखायच्या. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातूनच आले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं. अंधार, कोंदट हवा आणि गर्दी यामुळे रोग होतो असाच समज होता. निदान अर्धवट होतं, पण औषध चांगलं निघालं: घराघरात उजेड-वारा आणि वस्तीच्या मधोमध मोकळी जागा.

या औषधाचा उत्तम नमुना म्हणजे दादर-माटुंग्याची आखणी. पारशी कॉलनीतल्या ‘फाइव्ह गार्डन्स’ला कधी गेला असाल तर आठवून बघा. एक अवाढव्य उद्यान करण्याऐवजी पाच छोटे हिरवे तुकडे, मधून जाणारे रस्ते, भोवती ठेंगण्या इमारती. इंजिनियर मंचेरजी एदलजी जोशी यांनी ट्रस्टच्या मागे लागून मध्यमवर्गीय पारशांसाठी इथले प्लॉट राखून घेतले. आज या बागांना त्यांचंच नाव आहे. जवळच हिंदू कॉलनी, जिथे बाबासाहेबांचं ‘राजगृह’ उभं राहिलं. पलीकडे माटुंग्याची तमिळ वस्ती. सकाळी चालायला येणारे, झाडाखाली अभ्यास करणारी कॉलेजची पोरं, संध्याकाळी बाकावर बसणारे आजोबा, सगळे त्या पाच तुकड्यांत मावतात. तिकीट नाही, बुकिंग नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा इतिहास गोड गोड होईल. ज्यांच्या चाळी पाडल्या त्यांच्यातल्या बहुतेकांना या हिरव्या वसाहतींत घर मिळालं नाही. तिथलं भाडं त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. प्लेगची सर्वात जास्त झळ सोसली गरिबांनी, आणि बाग आली मध्यमवर्गाच्या दारात. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराच्या पोराला खेळायला चाळीचा चौक आणि रस्ताच राहिला. म्हणूनच पुढे आलेला एक विचार मला फार मोलाचा वाटतो: मोकळी जागा ही कोणाची मेहेरबानी असता कामा नये, ती कायद्याने नकाशावर आखलेली असावी.

तसं हळूहळू झालंही. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. १९३३ मध्ये ट्रस्टचं काम महापालिकेकडे गेलं. १९५४ च्या कायद्याने पालिकांना विकास आराखडा करणं भाग पडलं आणि १९६६ मध्ये आपला ‘एमआरटीपी’ कायदा, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. तुमच्या घराजवळची बाग ‘बाग’ म्हणून टिकून आहे ती बहुधा आराखड्यावरच्या एका हिरव्या चौकोनामुळे.

पण हिरवा चौकोन कागदावर असला म्हणजे झालं, असं नाही. बंगळुरूची गोष्ट घ्या. तिथल्या राजमहल विलास वसाहतीत बागेसाठी राखलेली एक जागा सरकारच्या वरच्या पातळीवरून हुकूम काढून खासगी रुग्णालयाला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. समोरच्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता: रुग्णालय ही पण लोकांची सोयच ना? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. न्यायालयाने सांगितलं की बागेची गरज रुग्णालयाने भागत नाही, आणि वस्तीतल्या रहिवाशांना याबद्दल दाद मागण्याचा हक्क आहे. निकालात एक इतिहासाचं भानही आहे: बाग ही एकेकाळी राजे-श्रीमंतांची चैन होती, समतेच्या विचाराबरोबर ती सामान्य माणसाकडे आली.

हे सगळं आज का लिहितोय? आमच्या भागातल्या छोट्या बागेत अर्ध्या हिरवळीवर जाळी ठोकून कृत्रिम गवताचं मैदान करायचा घाट घातलाय, तासाच्या भाड्याने द्यायला. एका शेजाऱ्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘नुसती पडून असलेली जागा कामाला लागेल.’ मुलांनी खेळावं, हे मलाही वाटतं. झोपाळे, घसरगुंडी, सिंगल बार, ओपन जिम, सगळं हवं. पण भाडं भरणाऱ्या दहा जणांसाठी जाळी लागली की रांगणारं बाळ, काठी टेकत येणारी आजी आणि खिशात पैसे नसलेलं पोर, तिघंही बाहेर. म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळात झालं तेच पुन्हा, फक्त या वेळी कुंपण बागेच्या आत.

तर आता कामाची गोष्ट. आपल्या बागेचं आरक्षण विकास आराखड्यात काय आहे ते पालिकेत जाऊन बघा. वापर बदलण्यासाठी आराखड्यात फेरबदल करायचा तर कलम ३७ खाली जाहीर सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. तो महिना झोपेत घालवू नका. आणि जागा अजून पालिकेच्या ताब्यातच आलेली नसेल तर कलम १२७ लक्षात ठेवा: आराखडा लागू होऊन १० वर्षं उलटली की जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द. कितीतरी बागा कुणी हिसकावून न घेता, अशा नुसत्या तारखा उलटून जाऊ शकतात.

फाइल बघायला दोघं-तिघं मिळून जा. एकट्याला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर हमखास मिळतं.