घटका, घड्याळ आणि स्फटिक

लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त पाहण्यासाठी पंचांग उघडले म्हणजे तिथिनक्षत्रांपुढे तास-मिनिटे छापलेली दिसतात आणि आपण ती भिंतीवरच्या घड्याळाशी बिनदिक्कत जुळवून घेतो. परंतु ही वेळ मुळात कोणाची, ती आपल्या गावी केव्हा आली आणि कोणत्या वाटेने आली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन शेजारचे तालुके डोळ्यांपुढे ठेवून याचा मागोवा घेतला, तर मोठी मौजेची हकीकत हाती लागते.

आपली जुनी कालगणना घटकेची. अहोरात्राच्या ६० घटका. घटका २४ मिनिटांची. तिची पळे ६०. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका भरली. लग्नघरी या वाटीपाशी बसणाऱ्याचे काम जोखमीचे. डुलकी लागली तर मुहूर्त हुकला! ही वेळ त्या त्या गावच्या सूर्याची असे. एका रेखांशामागे ४ मिनिटे, या हिशेबाने शिरूर आणि दौंड यांच्या माध्यान्हींत एका मिनिटाचेही अंतर पडत नाही. मुंबईच्या मानाने मात्र दौंडला सूर्य सुमारे ७ मिनिटे आधी माथ्यावर येतो. बैलगाडीच्या प्रवासात या ७ मिनिटांची कोणाला फिकीर असणार?

फिकीर आणली ती आगगाडीने. १८५८ च्या अखेरीस लोहमार्ग पुण्याहून दौंडवरून पुढे दिक्सळपर्यंत गेला आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू होऊन दौंड हे जंक्शन बनले. एकेरी रुळावर समोरासमोरून गाड्या यायच्या असतील, तर दोन स्टेशनांच्या घड्याळांतला फरक म्हणजे प्राणाशी गाठ. म्हणून रेल्वेने एकच वेळ पत्करली; ती मद्रासच्या वेधशाळेची, आणि ती तारायंत्राने स्टेशनोस्टेशनी पोहोचू लागली. मद्रासची वेळ दौंडच्या सूर्यापेक्षा सुमारे २३ मिनिटे पुढे. शिरूरला तर आगगाडी आलीच नाही. तेव्हा भीमेच्या एका तीरावर सूर्याची वेळ आणि दुसऱ्या तीरावर मद्रासची, असा प्रकार झाला. घोडनदीहून गाडी जुंपून निघालेल्या माणसाने सूर्य पाहून हिशेब केला, तर त्याच्या डोळ्यांदेखत गाडी सुटून जावी! नदी तीच, दिवस तोच. फक्त वेळ परकी.

मुंबईने हे मुकाट्याने सोसले नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तेथे मद्रासची वेळ लावण्याचा घाट घातला. लोकांच्या विरोधापुढे तो मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली. ही मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. गिरणीकामगार खवळले. याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण जानेवारीच्या थंडीत, सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी ज्याला भोंगा उठवतो, त्याची ती झोप होती. त्याला कोणी विचारले होते? मुंबईच्या नगरपालिकेने तर आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे जपली.

आता घड्याळाच्या पोटात डोकावू. कोणतेही घड्याळ घ्या. त्यात काहीतरी एकसारखे हेलकावे खाते आणि काहीतरी ते हेलकावे मोजते. १६५६ मध्ये हायगेन्स या डच पंडिताने लंबकाला हे काम दिले. १८८० मध्ये क्युरी बंधूंना आढळले की, काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज उपजते. त्याच्या उलट, वीज दिली की स्फटिक थरथरतो. १९२७ मध्ये अमेरिकेत वॉरन मॅरिसन यांनी क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या या थरथरीवर घड्याळ चालवून दाखविले. आज मनगटावरच्या साध्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हाच आकडा का? बुद्धिबळाच्या पटावर दरेक घरात दुप्पट दाणे मागणाऱ्याची गोष्ट आठवा. १ ची १५ वेळा दुप्पट केली की ३२,७६८ होतात. उलट १५ वेळा निम्मे करीत आले की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो.

अशा कंप देणाऱ्या योजनेला मराठीत ‘आंदोलक’ म्हणतात. आंदोलक म्हटले की आपल्याला मोर्चा आठवतो. हा आंदोलक मात्र शिस्तीचा पुतळा. त्याची नवी पिढी म्हणजे अंकीय आंदोलक. १९७१ मध्ये टिअर्नी, रेडर आणि गोल्ड या तिघांनी याची एक रीत मांडली. वर्तुळाचे सारखे भाग पाडायचे. स्फटिकाच्या दर ठोक्याला ठरलेली पावले पुढे जायचे. जेथे पोचू तेथली ‘ज्या’ कोष्टकातून वाचायची आणि तो आकडा विजेच्या दाबात उतरवायचा. पावले दुप्पट केली की लहर दुप्पट वेगाने उठते. स्फटिकाला हात न लावता, निव्वळ आकडा बदलून हवा तो सूर!

हे ज्यांचे कोष्टक मात्र आपल्या ओळखीचे आहे. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने २४ ज्यांचे फरक दिले: २२५, २२४, २२२, २१९, असे उतरत उतरत शेवटी ७. प्रत्येक फरक आधीच्या ज्यांवरून काढण्याची रीतही त्याने सांगितली. अंकीय आंदोलकाच्या दुसऱ्या एका प्रकारात नेमके हेच घडते: मागचे दोन आकडे हाती धरून पुढचा काढायचा. आर्यभटाने यंत्र केले नव्हते, हे खरे. पण त्या हिशेबाची चाल तीच. या चालीत एक खोडही आहे. आकडे तोडताना राहिलेला बारीक अंश साठत जातो आणि लहर हळूहळू फुगते किंवा रोडावते. म्हणून यंत्राला अधूनमधून आकडे पुन्हा मूळ जागी आणावे लागतात, जशी बुडालेली वाटी उपसून पुन्हा पाण्यावर ठेवावी लागे. आणि स्फटिकच चुकला, तर वरचे सारे गणित व्यर्थ.

या विद्येचे मोठे देऊळ पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. २००१ मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. तबकड्या कित्येक किलोमीटर पसरलेल्या, पण ताल एकच. तो काचेच्या तंतूंतून प्रत्येकीकडे जातो. सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शात प्रकाश ३० सेंटिमीटर चालतो, तेव्हा ताल चुकून कसे चालेल? स्पंदक ताऱ्यांचे ठोके येथे वर्षानुवर्षे मोजले गेले, आणि २०२३ मध्ये अवकाशाच्या अतिमंद गुरुत्वलहरींचा जो पुरावा जगापुढे आला, त्यात या मोजणीचाही वाटा होता.

वेळ अशी आकाशातून वाटीत, वाटीतून तारेत आणि तारेतून स्फटिकात उतरली. दर पायरीला ती अधिक अचूक झाली, आणि गावाच्या हातून थोडी थोडी निसटलीही. परंतु सूर्याने आपला हक्क सोडलेला नाही. दिवाळीच्या सुमारास तो सरासरीच्या सुमारे १६ मिनिटे पुढे धावत असतो. पाडव्याच्या दिवशी मुलांनी अंगणात एक सरळ काठी रोवावी आणि तिची सावली पाहावी. दौंडला किंवा शिरूरला ती सर्वांत आखूड होईल तेव्हा घड्याळात १२ वाजलेले नसतील, १२ वाजून १६-१७ मिनिटे झालेली असतील. घड्याळ चुकलेले नाही आणि सूर्यही नाही. मधली ती मिनिटे म्हणजे आपण एकमेकांशी बांधलेला करार आहे.