स्थानिक नियम (टेनिस बॉल क्रिकेट)

मैदानाच्या मर्यादा व खेळाडूंची कुवत पाहून सामन्यापूर्वी ठरवलेले खेळाचे नियम. पालघर तालुक्यातील कुंभवली-बोईसर-तारापूर या औद्योगिक पट्ट्यापासून मुंबईच्या चाळींपर्यंत हौशी टेनिस बॉल क्रिकेट अशाच नियमांवर चालते. अनेक ठिकाणी पायचीत धरत नाहीत, कारण पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच असतो. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर फलंदाज बाद, कारण चेंडू हरवतो किंवा काच फुटते. जागा अपुरी असेल, तर एका टप्प्यानंतर एका हाताने घेतलेला झेलही ग्राह्य.

अशा नियमांनी खेळ भेसळीचा होतो, हा आक्षेप टिकत नाही. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीचा १९वा नियमच सीमापार चेंडूच्या धावा ठरवताना मैदानाची रूढी पाहण्यास सांगतो. इंग्लंडमधील कँटरबरीच्या मैदानातील वृक्षाला लागलेला चेंडू, तो वृक्ष २००५ मध्ये कोसळेपर्यंत, चौकार मानला जाई. गोल्फमध्येही चेंडू हरवल्यास मागे न जाता दोन दंड-फटके घेऊन पुढे खेळण्याची स्थानिक मुभा २०१९ पासून आहे आणि ती सर्वसाधारण क्लब-खेळासाठीच सुचवलेली आहे. नियम सोयीनुसार फिरवले जातील ही भीती मात्र रास्त आहे. म्हणूनच नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांसमोर ते जाहीर होणे आणि शेवटच्या चेंडूपर्यंत न बदलणे, हीच त्यांच्या न्याय्यतेची कसोटी होय.