भंगार आणि वारसा यांच्यामधली सिएरा

वस्तूंचा इतिहास आपल्याकडे बहुधा उत्पादनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कारखाना केव्हा उभा राहिला, पहिला नग केव्हा बाहेर पडला आणि शेवटचा केव्हा, एवढे कळले की काम संपले असे मानण्याचा प्रघात आहे. टाटांच्या सिएरा या गाडीपुरते बोलायचे तर १९९१ आणि २००३ या त्या दोन तारखा. पण २००३ साली उत्पादन थांबले म्हणून रस्त्यावरची गाडी थांबली नाही. ती हात बदलत राहिली, गॅरेजांतून वाढत्या वयाची होऊन बाहेर पडत राहिली. पिंपरी-चिंचवडसारख्या गावात आजही एखाद्याला जुनी सिएरा घ्यावी आणि रोजच्या येण्याजाण्याला वापरावी असे वाटू शकते. हा बेत शहाणपणाचा आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता खिशाचा व हौसेचा आहे. आमच्या मते तो इतिहासाचाही आहे. कारण जुनी वस्तू केव्हा संपली असे म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

सिएराला स्पोर्ट्स कार म्हणावे का, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. १९४८ सीसीचे डिझेल इंजिन आणि जेमतेम साठ-पासष्ट अश्वशक्ती एवढ्या भांडवलावर वेगाचा दावा करता येत नाही. पुढे १९९७ मध्ये टर्बो इंजिन आले तेव्हा ही शक्ती नव्वदच्या घरात गेली, इतकेच. पण वेग ही स्पोर्ट्स कारची एकमेव खूण नव्हे. कुटुंबाच्या सोयीपेक्षा चालवणाऱ्याच्या आनंदाला जी गाडी अग्रक्रम देते ती त्या जातीची, अशी व्याख्या केली तर चित्र बदलते. अँबॅसेडर आणि पद्मिनी यांच्या देशात गाडी म्हणजे चार दारे, मागच्या बाकावर आजी आणि नातवंडे, टपावर सामान. अशा देशात टेल्कोने बाजूंना दोनच दारे असलेली आणि मागच्या अर्ध्या भागात टपाकडे वळत जाणारी न उघडणारी मोठी काच बसवलेली गाडी काढली. मागे बसणाऱ्याला पुढचे आसन वाकवून आत शिरावे लागे. विजेवर वरखाली होणाऱ्या काचा आणि वातानुकूलन या त्या काळी अपूर्वाईच्या गोष्टी तिच्यात होत्या. गरजेपेक्षा हौसेला दिलेले हे झुकते माप त्या काळी धाडसाचेच होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची, उघडता येणाऱ्या टपाची, फायबरग्लासच्या कायेची चिमुकली गाडी रूपाने स्पोर्ट्स कारच्या अधिक जवळ होती. परंतु चार महिने पाऊस झोडपणाऱ्या मुलखात रोजच्या वापराला सिएराच बरी, हे कोणीही मान्य करील.

ही गाडी ज्या मातीत निर्माण झाली तिचाही विचार करावयास हवा. मोरया गोसावींच्या समाधीचे आणि चापेकर बंधूंचे चिंचवड हे पवनाकाठचे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांनी वेढले गेले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि १९६०च्या दशकात सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने पुण्याच्या कारखान्याची उभारणी सुरू केली. मुळगावकरांचा आग्रह केवळ मालमोटारी जोडण्याचा नव्हता. यंत्रे घडवणारी यंत्रे आणि पत्र्याला आकार देणारे साचे येथेच तयार व्हावेत, असा तो होता, आणि त्या कामाचे केंद्र टेल्कोच्या चिंचवड येथील कारखान्यात होते. १९८८ मधली टाटामोबाइल ही मालवाहू पिकअप, तिच्याच पायावर १९९१ची सिएरा, १९९२ची इस्टेट, १९९४ची सुमो, आणि १९९८ मध्ये सफारी व इंडिका अशी ही पुढची वंशावळ आहे. सिएराचे हौशी रूप या क्रमात एका मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर उभे आहे, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

या वंशावळीच्या मधोमध आणखी एक घटना आहे. टेल्कोच्या पुणे कारखान्यात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली १९८८-८९ मध्ये मोठा कामगार संघर्ष झाला. सप्टेंबर १९८९ मध्ये कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले आणि महिनाअखेरीस पोलिसांनी त्यांना तेथून उचलले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच कारखान्यातून ही चैनीची गाडी बाहेर पडली. तिचा पत्रा ज्यांनी दाबला व जोडला, त्यांच्यासाठी तिची किंमत आवाक्यापलीकडची होती. गाडीच्या जाहिरातीत तिचे गिऱ्हाईक दिसते, तिचे कारागीर दिसत नाहीत. हे काही एकट्या सिएराचे वैशिष्ट्य नव्हे. परंतु या गोष्टीमुळे जुन्या गाडीच्या खरेदीला एक वेगळा अर्थ येतो. नवी गाडी समाजाच्या एका थरात विकली जाते आणि तेथेच राहते. जुनी होत गेलेली गाडी मात्र थरांमधून खाली उतरते. ज्यांना ती शोरूममध्ये केवळ पाहता आली असती, त्यांच्या दारात ती दहा-पंधरा वर्षांनी उभी राहू शकते.

जुन्या वस्तूची किंमत नेहमी नव्यापेक्षा कमी असते, हेही आपण गृहीत धरतो. परवान्यांच्या काळात तसे नव्हते. आकुर्डीची बजाज चेतक १९७२ मध्ये आली आणि पुढे तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसत. त्यामुळे कोणाच्या तरी हातातून लगेच मिळणारी वापरलेली स्कूटर कारखान्याच्या किमतीपेक्षा महाग विकली जाई. वेळ वाचवण्याची ती किंमत होती. १९९१ नंतर बाजार खुला होत गेला, प्रतीक्षा संपली, आणि 'जुनी' या शब्दाबरोबर 'स्वस्त' हा शब्द कायमचा जोडला गेला. सिएरा नेमकी या उंबरठ्यावरची गाडी आहे.

जुन्या गाड्यांच्या बाजाराने मराठीला जी भाषा दिली तिच्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे असे आम्हास वाटते. येथे गाडीचे वय विचारीत नाहीत, 'पासिंग कधीचे' असे विचारतात. गाव विचारीत नाहीत, 'चौदा पासिंग का बारा' असे विचारतात, कारण एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड आणि १२ म्हणजे पुणे. 'इंजिनाला हात लागलेला नाही' हे वाक्य प्रशंसेचे आहे, पण तीस वर्षांच्या गाडीबाबत ते काळजीचेही ठरू शकते. 'एकहाती गाडी' म्हणजे एकाच मालकाने वापरलेली. 'पत्रा चांगला आहे' हे ऐकल्यावर मात्र जाणता गिऱ्हाईक ओणवा होऊन गाडीच्या पोटाखाली पाहतो. सिएरामध्ये तो जे पाहतो ते असे: सांगाड्याला आणि तळाच्या पत्र्याला गंज चढला आहे काय, मागच्या काचांच्या रबरी कडांतून पाणी झिरपून आतला पत्रा सडला आहे काय, मागचे पाटे बसले आहेत काय, आणि त्या वळणदार काचा शाबूत आहेत काय. आरसी बुकावरचे इंजिन व चेसिस क्रमांक प्रत्यक्षाशी जुळवून पाहणे हे तर प्राथमिकच.

या यादीतच रोजच्या वापराचे रहस्य आहे. सिएराचे इंजिन तिचे एकटीचे नव्हते. टाटांच्या पिकअपमध्ये व सुमोमध्ये तेच कुळ होते, आणि ती वाहने हजारोंच्या संख्येने भाजीपाला, सिमेंट आणि माणसे वाहत राहिली. म्हणून इंजिन उघडू शकणारा मिस्त्री आणि त्याला लागणारा सुटा भाग मिळण्याची शक्यता राहिली. याउलट तिला ज्या गोष्टीने वेगळे केले, ती मागची काच, ती दुसऱ्या कोणत्याही गाडीला नव्हती. एकदा फुटली की तिच्यासारखी मिळवणे दुरापास्त. देखणेपण दुर्मीळ होत गेले आणि कष्टकरी भावंडांमुळे जीव टिकला. युरोपातल्या जुन्या स्पोर्ट्स कारबाबतही जाणते लोक हेच सांगतात: जिचे यंत्र साध्या घरगुती गाडीतून आले आहे ती घ्यावी.

आता कायद्याकडे वळू. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. २०२१ मध्ये केंद्राचे वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० करण्यात आले. त्याच २०२१ साली दुसरा एक नियम झाला: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल, मात्र ती नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही.

हे दोन नियम शेजारी ठेवून वाचले की एक विचारसरणी स्पष्ट होते. जुन्या वस्तूला दोनच गती आहेत: एक तर तिने भंगार व्हावे, नाहीतर वारसा व्हावे. वारसा व्हायचे तर वापर सोडावा लागतो. पस्तिशीच्या आतबाहेरची, रोज सकाळी कामावर जाणारी सिएरा या दोहोंत बसत नाही. तिच्यासाठी वेगळे नाव नाही, केवळ चढते शुल्क आहे.

या धोरणाची बाजू पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. सिएराचे मूळ डिझेल इंजिन भारत स्टेज मानकांच्या आधीच्या काळातले आहे. त्याच्या धुराची तुलना आजच्या इंजिनाशी होऊ शकत नाही, आणि तो धूर मालकापेक्षा मागच्या दुचाकीस्वाराला अधिक गिळावा लागतो. अपघातात जीव वाचवणाऱ्या हवेच्या पिशव्या तिच्यात नाहीत. रोजच्या रोज ती चालवणाऱ्याने हा हिशेब स्वतःपुरता नव्हे तर शेजाऱ्यांसाठीही मांडला पाहिजे. इंजिन नीट राखणे, तपासणीला प्रामाणिकपणे सामोरे जाणे हे हौसेचे किमान मोल आहे. तरीही वय आणि अवस्था या भिन्न गोष्टी आहेत, आणि तपासणी अवस्थेची व्हावी, वयाची नव्हे, एवढे म्हणण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असावा.

या प्रश्नाला एक स्थानिक बाजूही आहे. चिखली-कुदळवाडीचा भाग भंगाराच्या दुकानांसाठी आणि छोट्या कारखान्यांसाठी ओळखला जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील बांधकामे हजारोंच्या संख्येने पाडली. ती अनधिकृत होती, आगी लागत होत्या, प्रदूषण होत होते, ही त्यामागची कारणे. कारणे खरी असली तरी त्यासोबत ज्ञानाची एक जागाही हलली. मोडलेल्या वस्तूतून चालणारा भाग ओळखून काढणे हे कौशल्य आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नोंदलेले नाही. ज्या पट्ट्याने नवी वाहने घडवून नाव मिळवले त्याने जुनी वाहने जगवणाऱ्यांची नोंद ठेवली नाही. उद्या येथील उद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्याला मुळगावकरांविषयी, संपाविषयी, उत्पादनाच्या आकड्यांविषयी कागद मिळतील. पाटे बदलणाऱ्या मिस्त्रीविषयी मिळणार नाहीत.

नावे मात्र परत येतात. चेतक २०२० मध्ये विजेवर परतली. सिएराही नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या रूपात बाजारात आली. जुन्या वळणदार काचेची आठवण तिच्या बाजूंवर ठेवली आहे. दारे मात्र पाच झाली आहेत. अखेर कुटुंबाची सोय जिंकली, आणि त्यात गैर काही नाही. स्मृती विकता येते, हे कंपन्यांना ठाऊक आहे. पण स्मृती विकत घेणे आणि प्रत्यक्ष जुनी वस्तू सांभाळणे यांत अंतर आहे. पहिल्यात गतकाळाचे केवळ रूप मिळते. दुसऱ्यात त्याचे गंजलेले तळ, मिळत नसलेली काच, वाढते शुल्क आणि धुराची जबाबदारी हे सारे पत्करावे लागते. म्हणून जुनी सिएरा रोज चालवावी काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे: हा सारा भार जो डोळे उघडे ठेवून उचलणार असेल त्याने जरूर चालवावी. इतिहास जपण्याचा हा मार्ग संग्रहालयाइतका सुरक्षित नाही, परंतु त्यात वस्तू आणि तिला चालती ठेवणारी माणसे दोन्ही कामावर राहतात.