समाचाराला आलेली बाई

साल १९६७. तुम्ही आयर्लंडच्या आग्नेय भागात, वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिसकॉर्थी गावात आहात. खाली स्लेनी नदी, पलीकडे व्हिनेगर हिल. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८च्या बंडाचं रक्त ज्या टेकडीवर सांडलं ती हीच. गावातल्या एका घरातले मास्तर नुकतेच गेलेत. संध्याकाळ झाली की समाचाराला माणसं येतात. दार वाजतं, चहा ठेवला जातो, कालचीच वाक्यं आज पुन्हा बोलली जातात. तुम्हीही आत या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसा.

समोर मास्तरांचा बारा वर्षांचा मुलगा आहे, कोलम टोबीन. वडील आजारी असताना त्याला आणि धाकट्या भावाला काही महिने नातेवाइकांकडे ठेवलं होतं. त्या दिवसांनी त्याची जीभ अडखळायला लावली. म्हणून तो बोलत नाही, पण कान सगळे तिकडे. मोठ्यांना वाटतं, पोराचं लक्ष नाही.

आज आलेल्या बाई आपल्या मुलीविषयी सांगू लागतात. ती ब्रुकलिनला होती. ब्रुकलिन! मरणाच्या घरात हा शब्द समुद्रापलीकडून आल्यासारखा पडतो. मुलाचा चेहरा बघा. काही हललं नाही. शब्द मात्र आत गेला.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. १९७५मध्ये पदवी घेऊन तो बार्सिलोनाला जातो. त्याच नोव्हेंबरात स्पेनचा हुकूमशहा फ्रँको मरतो. मग पत्रकारिता, १९९०मध्ये पहिली कादंबरी 'द साउथ'.

आता २००० सालात थांबा. टोबीन लिहायला बसलाय. खुर्ची टणक, बसायला त्रासाची. वही उघडी. मजकूर उजव्या पानावर, हातानं. डावं पान दुरुस्तीसाठी कोरं. तो 'नोरा वेबस्टर' सुरू करतोय, आपल्या आईच्या वैधव्याची गोष्ट. ती प्रकाशित व्हायला २०१४ उजाडणार आहे. मधेच, २००९मध्ये, 'ब्रुकलिन' येईल: आयलिश लेसी अमेरिकेत गुपचूप लग्न करून गावी परतते आणि बरेच दिवस आईलासुद्धा सांगत नाही. त्या कादंबरीत मला सर्वांत मोठं वाटतं ते हे न सांगणंच. ज्यानं लहानपणी बोलण्याची धास्ती घेतली, त्यालाच गप्प माणसाच्या मनात किती गर्दी असते हे ठाऊक असतं. म्हणूनच त्याच्या कादंबरीत कुणी फारसं मोठ्यानं रडत नाही, तरी वाचताना आपला घसा दाटून येतो.

पण तुम्हाला हे सगळं आधीच कळलंय. त्याला अजून नाही. त्याच्या खांद्यावरून वहीत डोकवा. पहिल्याच प्रकरणात एक विधवा आहे, तिचा अडखळत बोलणारा मुलगा आहे, समाचाराला येणारी माणसं आहेत. दार वाजतं. मे लेसी आत येऊन बसते आणि आपल्या मुलीविषयी, आयलिशविषयी, बोलू लागते. ती ब्रुकलिनला असते.