मुळशी : मोबदला कोणाच्या नावाने?

मुळशी सत्याग्रहाचा इतिहास सहसा मावळे विरुद्ध टाटा कंपनी असा सांगितला जातो. तो खरा असला तरी पुरता नाही. त्या झगड्यात तिसरा पक्षही होता, तो म्हणजे पुण्याचे सावकार.

नीला-मुळेच्या खोऱ्यात आंबेमोहोर पिकवणाऱ्या अनेक मावळ्यांच्या जमिनी कर्जापायी सावकारांच्या नावावर चढल्या होत्या. कसणारे हात मात्र तेच राहिले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी मुळेचे पूर्वेकडे जाणारे पाणी अडवून सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, भिऱ्याच्या वीजगृहावर सोडायचे ठरले. जमिनी १८९४च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या जाऊ लागल्या. खासगी कंपनीचे काम सार्वजनिक हिताचे मानले गेले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. काम थांबले, पण काही काळापुरतेच. ते पुन्हा सुरू होताच सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि शिवरामपंत परांजपे यांनी तुरुंगवास पत्करला.

सावकारांचे गणित वेगळे होते. आरंभी तेही विरोधात होते. परंतु जमीन त्यांच्या लेखी मालमत्ता होती आणि मालमत्तेची किंमत ठरवता येते. त्यामुळे बोलणी मोबदल्याच्या दरावर येताच त्यांचा विरोध मावळला. कुळाला मात्र जमिनीबरोबर घर, देवस्थान आणि पोटापाण्याचे साधनही गमवावे लागणार होते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याला या नुकसानीचा दावा कशाच्या आधारे करता येणार? पुण्याच्या पुढाऱ्यांमध्येही यावरून फूट पडली. १९२४मध्ये बापटांनी धरणाच्या मजुरांची आगगाडी अडवली, त्यांना शिक्षा झाली आणि लढा संपला.

१९२७मध्ये भिऱ्याला वीजनिर्मिती सुरू झाली. भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळणारे ते पाणी आज कुंडलिकेवाटे अरबी समुद्राला जाते.

मुळशीचा पराभव केवळ सरकारी बळामुळे झाला नाही. जमीन कोणाची, मालकाची की कसणाऱ्याची, याचा निवाडा आपल्याच समाजाने आधी केला नव्हता. पुढे धरणे सरकारची झाली, कूळकायदेही आले. तरीही विस्थापितांच्या यादीत भूमिहीन शेतमजुराचे नाव शोधताना मुळशीचा तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो.