फ्रँकेनस्टाइनचे हात पुढे का? एका थकलेल्या हप्त्याची गोष्ट

आजचा भाग थोडा डिटेक्टिव्ह टाइप आहे.

कुणालाही म्हणा, फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाची नक्कल कर. तो लगेच दोन्ही हात समोर ताणणार आणि गुडघे न वाकवता ठक ठक चालणार. (हो, फ्रँकेनस्टाइन हे शास्त्रज्ञाचं नाव, राक्षसाचं नाही. कमेंटमध्ये लिहू नका, माहितीये.) पण 1931 चा मूळ सिनेमा बघा. त्यात बोरिस कार्लॉफ असा चाचपडत चालत नाही. मग हे हात आले कुठून?

आमच्याकडे कोडमध्ये विचित्र ओळ दिसली की आम्ही गिट ब्लेम मारतो, म्हणजे ती कुणी आणि कधी टाकली ते मागे मागे जाऊन शोधतो. तसंच करू.

थांबा क्रमांक एक, 1943. सिनेमा 'फ्रँकेनस्टाइन मीट्स द वुल्फ मॅन', राक्षस झालाय बेला लुगोसी. तोच, ड्रॅक्युलावाला. पटकथेत राक्षस आंधळा होता आणि बोलतही होता. रिलीजआधी स्टुडिओने त्याचे सगळे संवाद कापले आणि आंधळेपणाचा उल्लेखही त्यासोबत गेला. उरलं काय? हात पुढे करून चाचपडणारा एक माणूस, आणि तो का चाचपडतोय ते सांगणारं कुणीच नाही. डॉक्युमेंटेशन डिलीट, फीचर प्रॉडक्शनमध्ये.

पण आंधळा का? त्यासाठी 1942 चा 'द घोस्ट ऑफ फ्रँकेनस्टाइन' बघायचा. शेवटी राक्षसाच्या डोक्यात इगोर नावाच्या माणसाचा मेंदू बसवतात. रक्तगट जुळत नाही आणि दृष्टी जाते. इगोरचं काम लुगोसीने केलं होतं, म्हणून पुढच्या भागात राक्षसही लुगोसीच. हे लॉजिक मला खरंच आवडतं. मेंदू त्याचा, तर नटही तोच! गंमत म्हणजे त्याच्या आधीच्या, 1939 च्या 'सन ऑफ फ्रँकेनस्टाइन'मध्ये इगोर गोळ्या खाऊन मेला होता. 1942 मध्ये तो बाहेर आरामात बसलेला दिसतो.

मेलेल्या माणसाला परत आणावं लागलं, इतका हा इगोर महत्त्वाचा झाला कसा? इथे गोष्ट पडद्याबाहेर जाते.

युनिव्हर्सल स्टुडिओ कार्ल लेम्लेने उभा केला होता. 1935 मध्ये त्यांनी साडेसात लाख डॉलरचं कर्ज काढलं. 'शो बोट' सिनेमाचा खर्च वाढत गेला, सावकारांनी पैसे परत मागितले, पैसे नव्हते. 1936 मध्ये स्वतः उभी केलेली कंपनी लेम्लेच्या हातातून गेली. नव्या मालकांनी भुताचे सिनेमे बंद केले. ब्रिटनमध्येही अशा सिनेमांवर कडक नजर होती, म्हणजे परदेशी कमाईचीही खात्री नाही.

या निर्णयाने लुगोसीचं काम जवळजवळ आटलं. हप्ते थकले आणि घर गेलं. 1938 च्या जानेवारीत मुलगा झाला, तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी सिनेमावाल्यांच्या मदत निधीकडे जावं लागलं. सहा-सात वर्षांपूर्वी जगाला घाबरवणारा माणूस!

मला हे वाचताना उगाच पोटात गोळा आला. पगार लेट झाला की पाच तारखेनंतर जिन्यात घरमालक काकांच्या चपलांचा आवाज आला तरी आपण दिवा बंद करतो. केलंय ना तुम्हीही? आपल्याला निदान पुढच्या पगाराची तारीख माहीत असते. लुगोसीला तीही नव्हती.

ऑगस्ट 1938. लॉस एंजेलिसमधलं रेजिना नावाचं थिएटर बुडायला आलेलं. मॅनेजरने जुने, स्वस्तात मिळणारे तीन सिनेमे एकत्र लावले: 'ड्रॅक्युला', 'फ्रँकेनस्टाइन' आणि 'सन ऑफ काँग'. रांगाच रांगा! लुगोसी स्वतः तिथे प्रेक्षकांना भेटायला जायचा. युनिव्हर्सलने मग पहिले दोन सिनेमे देशभर पुन्हा लावले आणि लगेच नवा फ्रँकेनस्टाइन काढायचं ठरवलं. कथा तयार होती म्हणून नव्हे, कॅश दिसली म्हणून.

लुगोसीला बोलावणं आलं. पण त्याची अडचण स्टुडिओला माहीत होती. आठवड्याला 500 डॉलर, आणि सगळं काम एकाच आठवड्यात उरका, म्हणजे पैसे वाचतील. दिग्दर्शक रोलंड ली याला हे पटलं नाही. त्याने शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत लुगोसीला सेटवर ठेवलं. आता नट रोज हजर आहे म्हटल्यावर त्याला काम नको? इगोर वाढत गेला. फाशी दिलेला, मान मोडलेला, पण न मेलेला, राक्षसाचा एकमेव मित्र. कार्लॉफचा राक्षस या सिनेमात बराच वेळ आडवा पडून असतो आणि सिनेमा इगोर खाऊन टाकतो. माझ्या मते ड्रॅक्युलापेक्षा लुगोसीचं हे काम भारी आहे.

मग पुढचं सगळं ओळीने आलं: इगोर हवा म्हणून तो मेला तरी परत, मग त्याचा मेंदू, मग आंधळेपणा, मग संवादांवर कात्री, मग हात.

1944 पासून राक्षस झाला ग्लेन स्ट्रेंज. आता राक्षसाला दिसत होतं. 1948 मध्ये ॲबट आणि कॉस्टेलोच्या कॉमेडीत तो येतो, लुगोसी पुन्हा ड्रॅक्युलाच्या केपमध्ये त्याच्या शेजारी, आणि राक्षसाचे हात पुढेच.

पुढच्या भागात युनिव्हर्सलची ममी: ती बुडते मॅसॅच्युसेट्सच्या दलदलीत आणि पुढच्या सिनेमात निघते थेट लुइझियानामध्ये. ऐकत राहा.